हंगामात टॅली स्लो का होते? तालुक्याच्या दुकानात रेड-५ घ्यावं का?

हिंगणघाटकर:

राजेहो नमस्कार. हिंगणघाट, वरोरा, वणी ह्या पट्ट्यात जिनिंग, दालमिल, कृषी केंद्र, पतसंस्था अशा ठिकाणच्या कॉम्प्युटरचं काम मी करतो. एक गोष्ट सारखी दिसून राहिली म्हणून हा धागा काढला.

सप्लायर येतो, चार डिस्कचा नॅस (नेटवर्कवरून सगळ्यांनी वापरायचा डिस्कचा बॉक्स) नाहीतर छोटा सर्व्हर ठेवून जातो, त्यावर रेड-५ (अनेक डिस्क एकत्र जोडायची एक पद्धत) करून देतो आणि मालकाला सांगतो की एक डिस्क गेली तरी डेटा जात नाही, शिवाय चारपैकी तीन डिस्कची जागा वापरायला मिळते, मिररमध्ये (दोन डिस्कवर तोच डेटा) तर अर्धीच मिळते. यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण हंगामात तीन-चार जण एकदम टॅलीत बसले की काय होते, मधातच लाईन गेली की काय होते, आणि खरंच डिस्क गेली तर नवीन डिस्क भरेपर्यंतचा वेळ कसा जातो, हे विकताना कोणी सांगत नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो. रोजचा हिशोब जिथे चालतो तिथे रेड-५ मधली पॅरिटी नको. चार छोट्या डिस्कऐवजी दोन मोठ्या घ्या, मिरर करा, आणि उरलेले पैसे यूपीएस आणि बॅकअपला लावा.

आता कारण. पॅरिटी म्हणजे साधा सम-विषमचा हिशोब आहे. तीन डिस्कवर एकाच जागी १, ० आणि १ असे बिट असले तर चौथीवर असा बिट लिहितात की एकूण १ ची संख्या सम राहील, इथे तो ०. मधली डिस्क गेली तर बाकीच्या १, १ आणि पॅरिटीचा ० यावरून कळते की गेलेला बिट ० होता. हुशारीचीच युक्ती आहे. पण आता मधल्या डिस्कवर फक्त एक छोटा तुकडा बदलायचा असला तर? आधी जुना डेटा वाचा, मग जुनी पॅरिटी वाचा, हिशोब करा, मग नवा डेटा लिहा, मग नवी पॅरिटी लिहा. एका लिहिण्याला डिस्कची चार कामं. रेड-६ मध्ये पॅरिटी दोन म्हणून सहा कामं. मिररमध्ये फक्त दोन.

७२०० आरपीएमची साधी हार्ड डिस्क घ्या. एक फेरा ८.३ मिलिसेकंदाचा, म्हणजे सरासरी अर्धा फेरा ४ च्या वर, त्यात हेड सरकायचे ८-९ मिलिसेकंद. सेकंदाला इकडच्यातिकडच्या जागी ७५ ते ८० कामं, याच्या फार वर ती जात नाही. चार डिस्कची मिळून ३२० धरा. रेड-५ मध्ये छोटं लिहिणं भागिले चार, म्हणजे ८०. चार डिस्क विकत घेतल्या आणि लिहायचा वेग एकीचा. दोन डिस्कच्या मिररलाही तेच ८० मिळतात, अर्ध्या डिस्कमध्ये. चारचं रेड-१० (मिररच्या दोन जोड्या एकत्र) केलं तर १६०. टॅलीत व्हाउचर सेव्ह केलं की फाइलमध्ये ठिकठिकाणी छोटे छोटे तुकडे लिहिले जातात, हे काम म्हणजे नेमकं पॅरिटीच्या दुखऱ्या जागेवर बोट.

तुमच्याकडे काय अनुभव आहे ते लिहा.

दर्यापूर_कृषी:

भाऊ, माह्या दुकानात हेच सुरू हाय. मृग लागला की बियाणं-खताची गर्दी, तीन काउंटर, कास्तकार रांगेत उभा आन् बिल सेव्ह केलं की स्क्रीन अटकून जाते. पण मले एक समजून नाही राह्यलं, मागच्या वर्षी हाच सर्व्हर, हेच रेड-५, एवढा त्रास नव्हता. ह्या वर्षी अचानक सुरू झालं. सप्लायर म्हणते रॅम वाढवा. खर्च कराले तयार आहो पण कायवर करू ते सांगा.

हिंगणघाटकर:

दादा रॅम थांबवा. अचानक स्लो झालं म्हणता ना, मग आधी दोन गोष्टी बघा. पहिली, एखादी डिस्क आधीच गेली आहे का. रेड-५ मध्ये एक गेली तरी काम चालू राहते म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, पण गेलेल्या डिस्कवरचं काहीही वाचायचं म्हटलं की बाकीच्या सगळ्या वाचून हिशोब करावा लागतो, म्हणून सगळं जड चालते. आणि तेव्हा तुम्ही विनासंरक्षण चालून राहिले असता हे जास्त वाईट. पुष्कळ ठिकाणी बझर वाजला म्हणून कोणीतरी बंद करून टाकलेला सापडतो.

दुसरी, सर्व्हरमध्ये वेगळं रेड कार्ड असलं तर त्याची बॅटरी. कार्डावर थोडी मेमरी असते, लिहायचं ते आधी तिथे घेते आणि टॅलीला लगेच 'झालं' सांगते, मग सावकाश डिस्कवर टाकते. त्यामुळेच पॅरिटीचा जडपणा झाकल्या जातो. लाईन गेली तर त्या मेमरीतलं उडू नये म्हणून बॅटरी. ती बॅटरी मेली की कार्ड स्वतःहूनच तो प्रकार बंद करते आणि प्रत्येक लिहिणं थेट डिस्कवर नेते. तेव्हा खरा वेग दिसतो. कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये बॅटरीची स्थिती बघा, आणि 'राइट बॅक' लिहिलं आहे का 'राइट थ्रू' ते बघा.

नागपूर_लिनक्सवाला:

बरोबर. एक भर. बॅटरी मेलेली असताना पण जबरदस्तीने राइट बॅक चालू ठेवायचा पर्याय बहुतेक कार्डात असतो आणि काही जण तो लावून 'घ्या, फास्ट झालं' म्हणून पैसे घेऊन जातात. तसं कोणी केलं तर करू देऊ नका. लाईन गेली की मेमरीत अडकलेली बिलं गेली, आणि फाइल अर्धवट राहिली ते वेगळंच. आपल्याकडच्या उन्हात ह्या लिथियम बॅटऱ्या लवकर म्हाताऱ्या होतात, फुगतात पण. नवीन कार्डांत बॅटरीच्या जागी सुपर कपॅसिटर आणि फ्लॅश असते, ते बरंच टिकते.

पुसद_स्टुडिओ:

मी थोडं वेगळं सांगतो. माझा फोटो-व्हिडिओ स्टुडिओ आहे, लग्नसराईत एकेका लग्नाचं फुटेज शेकडो जीबी. पाच डिस्कवर पॅरिटी आहे आणि मला वेगाची काहीच तक्रार नाही, कॉपी एकदम भरधाव होते. मग तुम्ही म्हणता तसं स्लो का नाही? सरसकट नको म्हणणं मला पटत नाही.

हिंगणघाटकर:

दादा तुमचं काम वेगळं आहे, आणि तुमच्यासाठी पॅरिटी चांगलीच. मोठी फाइल एका दमात लिहिली जाते तेव्हा सगळ्या डिस्कवरची पूर्ण पट्टीच नवीन येते, जुनं काही वाचावंच लागत नाही, नव्या डेटावरूनच पॅरिटी काढून एकदम लिहून टाकायची. पाच डिस्क असल्या तर जवळपास चार डिस्कचा वेग मिळतो. म्हणून मी 'रोजचा हिशोब जिथे चालतो तिथे' असं म्हटलं. व्हिडिओ, एक्स-रेच्या फाइली, सीसीटीव्हीचं जुनं रेकॉर्डिंग, जे एकदा लिहायचं आणि मग वाचायचं, तिथे पॅरिटी ठेवा. फक्त पाच डिस्क आणि त्याही मोठ्या असल्या तर रेड-६ करा, म्हणजे दोन गेल्या तरी चालते. कोणत्या साइजच्या आहेत?

पुसद_स्टुडिओ:

८ टीबीच्या पाच. रेड-५ आहे. सगळ्या एकदमच घेतल्या होत्या, एकाच खोक्यातून.

हिंगणघाटकर:

हे मात्र काळजीचं आहे. एकाच बॅचच्या, एकाच दिवशी सुरू झालेल्या, सारखंच ऊन आणि सारखेच झटके खाल्लेल्या. एक गेली तेव्हा बाकीच्याही त्याच वयाच्या असतात. आणि नवीन डिस्क लावली की उरलेल्या चारही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. ८ टीबी, सेकंदाला १५० एमबी धरले तर जवळपास १५ तास, तेही दुसरं काहीच काम न करता. एडिटिंग सुरू ठेवलं तर एक-दोन दिवस आरामात जातात. आयुष्यात कधी केलं नाही एवढं काम त्या डिस्का नेमकं तेव्हाच करतात जेव्हा एकही चूक परवडत नाही.

ही रेडची कल्पना १९८८ मध्ये बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ ह्या तिघांच्या पेपरातून आली. त्यात हिशोबाला धरलेली छोटी डिस्क १०० एमबीची होती. तेवढी भरायला काही मिनिटं. डिस्कची साइज तेव्हापासून हजारो पटींनी वाढली, वाचायचा वेग त्या मानाने फारच कमी वाढला, म्हणून तेव्हाच्या मिनिटांचे आता दिवस झाले. युक्ती तीच आहे, धोक्याची वेळ लांबली.

वाशीमकर:

मी तर वाचलं होतं की साध्या डिस्कला दर १२.५ टीबीला एक न वाचता येणारा सेक्टर (डिस्कवरचा छोटा तुकडा) येतोच, म्हणून मोठ्या डिस्कवर रेड-५ ची रिबिल्ड (नवीन डिस्क परत भरणं) होतच नाही, गणितानेच फेल. मग इथे पुसदच्या दादांचे चार आठे बत्तीस टीबी वाचायचे तर पक्कं गेलंच समजायचं का?

नागपूर_लिनक्सवाला:

नाही, घाबरवू नका त्यांना. तो आकडा डेटाशीटमधला आहे, १० चा १४ वा घात एवढ्या बिटांत एक चूक, म्हणजे १२.५ टीबी. पण तो कंपनीने दिलेला कमाल मर्यादेचा आकडा आहे, घड्याळासारखा दर १२.५ टीबीला वाजत नाही. २००७ च्या सुमारास ह्याच गणितावरून लिहिलं गेलं होतं की २००९ पासून रेड-५ चालणारच नाही. २००९ येऊन गेलं, रेड-५ चालूच आहे, लोक दर महिन्याला ह्याच्यापेक्षा किती तरी जास्त टीबी वाचतात आणि एक चूक येत नाही. शिवाय नॅसच्या नावाने येणाऱ्या पुष्कळ डिस्कांना १५ वा घात लिहिलेला असतो, म्हणजे दहा पट चांगला. बॅकब्लेझ ही क्लाउड बॅकअपची कंपनी तिच्याकडच्या डिस्कांचे आकडे दरवर्षी छापते, तिथे वर्षाला साधारण १ ते २ टक्के डिस्क जातात. भीती वाटावी असा तो आकडा नाही.

खरी भीती दुसरी. कोपऱ्यातला एखादा सेक्टर खराब होऊन पडलेला असतो, ती फाइल दोन वर्षांत कोणी उघडलेलीच नसते, म्हणून कळतच नाही. आणि तो सापडतो रिबिल्डच्या वेळी. उपाय फुकट आहे. महिन्यातून एकदा स्क्रब लावा, म्हणजे सगळी डिस्क वाचून पॅरिटीशी ताडून पाहणं. खराब सेक्टर तेव्हाच सापडला तर पॅरिटीवरून दुरुस्त होतो. डेबियन लिनक्समध्ये दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हे आपोआप होते. नॅसच्या बॉक्समध्ये 'डेटा स्क्रबिंग' नावाने असते, पण कितीतरी ठिकाणी ते बंदच असते. पुसदचे दादा, आज रात्री सुरू करा. पण त्याच्या आधी जे महत्त्वाचं आहे त्याची कॉपी बाहेर काढा.

आणि साध्या डेस्कटॉप डिस्क रेडमध्ये घालू नका. खराब सेक्टर लागला तर ती डिस्क मिनिटभर, कधी जास्तही, स्वतःच धडपडत बसते. लिनक्स ३० सेकंद वाट पाहते आणि डिस्क मेली समजून बाहेर काढते. नॅसच्या डिस्का सात सेकंदांत हात वर करतात आणि पॅरिटीला काम करू देतात. एका सेक्टरपायी चांगली डिस्क बाहेर गेलेली मी पाहिली आहे.

वाशीमकर:

हे माहीत नव्हतं. धन्यवाद. म्हणजे नॅसची डिस्क घेतली की झालं?

नागपूर_लिनक्सवाला:

तेवढ्यानेही होत नाही. खोक्यावर काय लिहिलं त्यापेक्षा मॉडेल नंबर पाहा. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलने मान्य केलं की त्यांच्या लाल लेबलच्या नॅस डिस्कांपैकी २ ते ६ टीबीच्या काही मॉडेलमध्ये एसएमआर तंत्र होतं. त्यात ट्रॅक एकमेकांवर कौलासारखे चढवलेले असतात, म्हणून एक बदलायचा तर शेजारचेही परत लिहावे लागतात. रोज थोडं लिहा, कळत नाही. रिबिल्डमध्ये तासन् तास सलग लिहायची वेळ आली की तिचा दम निघतो, आणि झेडएफएसवर (डिस्कवर फाइली ठेवायची एक प्रणाली, रेड तिच्यातच असते) तर लोकांच्या डिस्क मधातूनच बाहेर फेकल्या गेल्या. घेताना 'सीएमआर' (ट्रॅक एकमेकांवर न चढवलेली) आहे का एवढं विचारा, दुकानदाराला माहीत नसलं तर कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून पाहा.

वडसा_लॅब:

नमस्कार, मी पॅथॉलॉजी लॅब चालवते. आमच्याकडे वेगापेक्षा लाईनचा प्रश्न मोठा आहे. पावसाळ्यात तर दिवसातून किती वेळा जाते त्याचा हिशोब नाही. इन्व्हर्टर आहे पण कधी कधी स्विच होताना कॉम्प्युटर बंद पडून परत सुरू होतो. मला तीन डिस्कचा रेड-५ बॉक्स सुचवला आहे. पेशंटचे रिपोर्ट, मशीनचा डेटा, सगळं मिळून ४०० जीबीसुद्धा नाही. घ्यावा का?

हिंगणघाटकर:

ताई, नका घेऊ. ४०० जीबीला दोन डिस्कचा मिरर भरपूर झाला.

तुमच्यासारख्या ठिकाणी पॅरिटीची अजून एक अडचण आहे. वर सांगितलं ना की नवा डेटा लिहायचा आणि मग नवी पॅरिटी लिहायची. दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या क्षणी. डेटा लिहून झाला, पॅरिटी लिहायची बाकी, आणि तेवढ्यात लाईन गेली. आता त्या जागेचा हिशोब चुकीचा राहिला. दिसत काहीच नाही, फाइली उघडतात, सगळं ठीक वाटते. पुढे कधीतरी तिसरीच डिस्क जाते आणि तिच्यावरचा डेटा ह्या चुकीच्या पॅरिटीवरून काढला जातो. म्हणजे ज्या रिपोर्टला तुम्ही त्या दिवशी हातही लावला नव्हता तो बिघडतो. आणि बॉक्स सांगतो रिबिल्ड यशस्वी. ज्याच्या भरवशावर एखाद्याचं औषध ठरते तो आकडा असा बिघडणं मला भयंकर वाटते, म्हणून इतकं लिहितो.

ह्यावर उपाय आहेत. बॅटरीवालं कार्ड हा एक. लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडमध्ये वेगळ्या एसएसडीवर जर्नल (लिहायचं त्याची आधी केलेली नोंद) ठेवता येते, ते २०१५ च्या शेवटी-२०१६ च्या सुरुवातीला आलं, आणि २०१७ पासून आंशिक पॅरिटीची नोंद ठेवायची सोयही आहे. झेडएफएस जुन्या जागेवर लिहीतच नाही, नवीन जागी पूर्ण पट्टी लिहून मग पत्ता बदलते, म्हणून तिथे हा प्रश्न मुळातच येत नाही. बीटीआरएफएस ह्या तशाच दुसऱ्या प्रणालीच्या रेड-५ आणि ६ ला मात्र ते बनवणारेच अजून कामाच्या डेटासाठी वापरू नका म्हणतात. पण ताई, तालुक्यात हे सगळं सांभाळायला माणूस कुठून आणायचा? मिररमध्ये एक डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली तर बहुतेक साध्या सेटअपमध्ये डेटा सरळ वाचता येतो. रेड-५ चं कार्ड जळलं तर त्याच जातीचं कार्ड लागते, ते नागपूरवरून नाहीतर पुण्यावरून यायचं, तोपर्यंत लॅब बंद.

वडसा_लॅब:

समजलं दादा. मग यूपीएस कोणता? इन्व्हर्टर तसाच ठेवू का?

हिंगणघाटकर:

इन्व्हर्टर पंख्या-लाइटला राहू द्या. कॉम्प्युटर आणि डिस्कच्या बॉक्सला वेगळा यूपीएस, आणि तो यूएसबी केबलवाला घ्या. ती केबल बॉक्सला जोडायचीच. बॅटरी उतरत आली की यूपीएस बॉक्सला कळवतो आणि बॉक्स स्वतः नीट बंद होतो. बहुतेक ठिकाणी यूपीएस असतो आणि केबल पिशवीतच पडलेली असते, मग वीस मिनिटांनी बॅटरी संपली की तोच झटका. दर दोन-अडीच वर्षांनी बॅटरी बदलायची, आपल्या उन्हात ती त्याच्या वर भरवशाची राहत नाही. केबल लावल्यावर एक दिवस काम संपल्यावर यूपीएसचा प्लग काढून पाहा, बॉक्स आपोआप बंद होतो का.

वणी_जिनिंग:

उन्हाचा विषय निघालाच तं विचारतो. गूगलने पाहणी केली होती म्हणे, डिस्कले गरमीनं फरक पडत नाही. आमच्या ऑफिसात मे महिन्यात रविवारी सगळं बंद असते, सर्व्हर मात्र चालूच. बाहेर ४५-४६. चालते का मग?

नागपूर_लिनक्सवाला:

२००७ ची ती पाहणी खरी आहे, पण पूर्ण वाचा. त्यांना गरमीचा संबंध अपेक्षेपेक्षा कमी दिसला, तरी फार तापलेल्या आणि वय झालेल्या डिस्कांत तो दिसलाच. आणि ते गूगलचं डेटा सेंटर होतं, वणीचं बंद ऑफिस नव्हतं. खोलीतच ४५ असली तर डब्यातली डिस्क सहज ५५-६० ला जाते, आणि बऱ्याच डिस्कांची कंपनीने दिलेली मर्यादाच ६०-६५ आहे. त्यातच रिबिल्ड सुरू झाली तर विचारूच नका.

हिंगणघाटकर:

जिनिंगमध्ये अजून एक. रुईचे तंतू. मागच्या हंगामात एका ठिकाणी सर्व्हर उघडला तर पुढच्या जाळीवर कापसाचा पांढरा थर एवढा घट्ट बसला होता की बोटाने उचलला तर अख्खा पापुद्रा निघाला, गोधडीच्या अस्तरासारखा. आत पंखा फिरून राहिला पण हवाच येत नव्हती. हंगामात दर पंधरा दिवसांनी जाळी साफ करा. आणि कूलरची हवा सरळ सर्व्हरवर सोडू नका, ओल आणि धूळ दोन्ही आत जातात. सर्व्हर कपाटात बंद ठेवला असला तर कपाटाची मागची फळी काढून टाका.

दर्यापूर_कृषी:

भाऊ, पाह्यलं. डिस्का चारही चांगल्या हायेत. बॅटरी फेल लिहून येते आन् 'राइट थ्रू' दाखवते. तुमचं निदान एकदम बरोबर. सप्लायरले फोन केला, बॅटरी मागवतो म्हणाला. आता हंगाम संपला की मिरर करायचा विचार हाय. चार डिस्का हायेतच, रेड-१० करून टाकू का? आन् कसं कराचं, हाय तो डेटा न उडवता?

हिंगणघाटकर:

करा, रेड-१० मस्त होईल, एकूण जागेच्या अर्धी मिळेल पण तुम्हाला तेवढी पुरते. घाई मात्र करू नका. रेड-५ मोडली की त्यावरचं सगळं जाते, म्हणून आधी दोन वेगळ्या बाहेरच्या डिस्कवर पूर्ण कॉपी. मग त्यातली एक कॉपी दुसऱ्या कॉम्प्युटरवर टॅलीत रिस्टोर करून उघडा, मार्चची शिल्लक आणि चालू महिन्याची विक्री मूळ सर्व्हरवर दिसते तीच दिसते का ते स्वतः डोळ्यांनी पाहा, सप्लायरच्या तोंडच्या शब्दावर नको. ते जुळलं तरच मोडा. शनिवारी दुकान बंद झाल्यावर सुरू केलं तर रविवार हातात राहतो.

आणि ह्या दोन बाहेरच्या डिस्का काम झाल्यावर कपाटात टाकू नका. आलटूनपालटून रोज संध्याकाळी एकीवर बॅकअप घ्यायचा, दुसरी घरी. सर्व्हरला कायम लावून ठेवायची नाही. मेलमधून फाइली कुलूपबंद करणारा व्हायरस आला तर तो मिररच्या दोन्ही डिस्कवर, रेड-५ च्या चारही डिस्कवर आणि लावून ठेवलेल्या बॅकअपवर एकाच मिनिटात पसरतो, रेडला त्यात काहीच करता येत नाही. बिल चुकून डिलीट झालं तरी तेच. घरी असलेली डिस्क तेवढी वाचते.

पुसद_स्टुडिओ:

मी काल रात्री स्क्रब लावला, २१ टक्के झालं, अजून चूक नाही. महत्त्वाची लग्नं आधी बाहेर काढली. सहावी डिस्क मागवतो, वेगळ्या दुकानातून, सीएमआर पाहून. रेड-५ वरून रेड-६ चालू बॉक्समध्ये होते का, का सगळं काढून परत भरावं लागेल?

नागपूर_लिनक्सवाला:

बऱ्याच नॅसमध्ये डिस्क वाढवून ५ वरून ६ करता येते, डेटा तसाच राहतो. पण प्रत्येक पट्टी परत लिहावी लागते, तुमच्या साइजला काही दिवस लागतील आणि तेवढे दिवस बॉक्स जड चालेल. लग्नसराई संपल्यावरच करा, यूपीएसची केबल लावून, आणि स्क्रब पूर्ण होऊन शून्य चुका दाखवल्यावरच सुरू करा. मधात एकही चूक दिसली तर थांबा आणि आधी त्या डिस्कचा स्मार्ट रिपोर्ट (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) इथे टाका, आपण पाहू.